पोलिसांच्या वहीतले नाव



पोलिसांच्या वहीत आपले नाव असावे असे कोणाला वाटते? आपल्या चिंचपाड्याच्या आसपास कोणत्याही पाड्यावर हा प्रश्न विचारा. म्हातारी माणसे कानांवर हात ठेवतील. तरीही मी आज त्या वहीची बाजू मांडण्यास उभा आहे. एकटे राहणारे वृद्ध, अपंग, भ्रमिष्ट होऊन भटकणारे, अशांची नावे पोलीस ठाण्यात नोंदलेली असावीत, म्हणजे आग, पूर किंवा आजारपण ओढवले तर मदत नेमक्या दारी पोहोचेल, असा विचार आता कायद्यानेही मान्य केला आहे. विचार चांगला आहे. परंतु ह्या वहीला इतिहास आहे, आणि तो ध्यानात घेतल्यावाचून तिचे नवे पान उघडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

खानदेशात गावाची राखण पूर्वी बहुधा भिल्ल जागल्याकडे असे. गावातले घर न् घर त्याच्या ओळखीचे. त्याला वहीची गरज नव्हती. १८१८ साली येथे कंपनीचा अंमल आला. भिल्लांनी तो सुखासुखी मानला नाही. मोहिमा झाल्या आणि अखेर १८२५ साली आउट्रम ह्या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारली. ज्याने गावावर नजर ठेवायची, त्याच्यावरच सरकारची नजर बसली.

ह्या नजरेला वहीचे रूप कसे आले, ते दुसऱ्या काही जमातींच्या कहाणीत दिसते. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तो प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याचा फास मुंबई इलाख्यातही आवळला गेला. ठरावीक जमातींत जन्मलेल्या माणसांची नावे नोंदायची, बोटांचे ठसे घ्यायचे, नेमल्या वेळी हजेरी लावायची, गाव सोडताना वर्दी द्यायची. वही पोलीस सुपरिंटेंडेंटच्या ताब्यात राही. एकदा चढलेले नाव जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या हुकमावाचून निघत नसे. गुन्हा कोणता केला, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नसे. जन्म हाच पुरावा!

सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत केली गेली आणि तेथली माणसे कापड गिरण्यांत कामाला जाऊ लागली. दिवसा गिरणीचा भोंगा, संध्याकाळी कुंपणाची हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला व त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या गेल्या. पण सोलापुरात त्या भागाला ‘सेटलमेंट’ हे नाव अजून आहे. कायदा एका दिवसात मोडतो, धास्ती पिढ्यान्‌पिढ्या राहते. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तसे गरीब माणसाचे पोलिसाच्या पेन्सिलीविषयी झाले आहे.

आता दुसरी बाजू. मी शाळेत थोडा आणि कामगारांत फार शिकलो. तेथे पहिला धडा मिळाला तो हाच की, ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, तो अपघातात मेला तरी मेलेला धरत नाहीत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीवर प्रचंड स्फोट झाले. किती माणसे गेली ह्याचे अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत आहेत. रोजंदारीवर आलेल्या परमुलखातल्या हमालाची मोजदाद कोण करणार? १९४८ च्या कायद्याने पुढे गोदी कामगारांची रीतसर नोंदणी सुरू झाली. तेव्हा नोंद म्हणजे काम मिळण्याचा हक्क झाला. सारांश, वही तीच. ती कोणासाठी लिहिली, ह्यावर सारे अवलंबून.

आजचे कायदे काय सांगतात? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली महाराष्ट्राने २०१० साली नियम केले. त्यांप्रमाणे प्रत्येक ठाण्याने हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवायची आणि पोलिसाने समाजसेवकाला बरोबर घेऊन महिन्यातून निदान एकदा त्यांची विचारपूस करायची. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर अपंगांची नोंद ठेवण्याचे व त्यांना धोक्याची सूचना देण्याचे काम सोपवले. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने तर बजावले की, भटकणाऱ्या मनोरुग्णाला कोठडीत घालू नये. चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावे. ज्या ठाण्याने हजेरी घ्यायची, त्याने आता खुशाली विचारायची. हा पालट लहान नव्हे.

आपल्याकडे ह्याची गरज किती आहे, ते ऊसतोडीच्या हंगामात पाहा. धडधाकट माणसे गुजरातेत कारखान्यांवर जातात. पाड्यावर म्हातारे, लेकरे आणि अधू माणसे उरतात. घरे टेकड्यांवर विखुरलेली. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावलीला पूर आला तेव्हा नवापूर तालुक्यात घरे वाहून गेली, माणसे दगावली. अशा रात्री कोणाला उचलूनच आणावे लागेल, कोणाला हाक ऐकू येणार नाही, हे आधी ठाऊक असेल तरच धावणाऱ्याचे पाय योग्य दिशेला पडतात. ११२ क्रमांकावर फोन लागला तरी पलीकडच्या शिपायाला कोणते घर, हे कोण सांगणार? १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानुसार नेमलेला पोलीस पाटील आपल्या गावात आहे. जुन्या जागल्याची जागा त्यानेच भरून काढावी.

मात्र जुन्या वहीचा धडा विसरू नये. नाव माणसाने आपखुशीने द्यावे. ज्याला बोलता येत नाही त्याचे घरच्यांनी द्यावे, आणि ग्रामसभेत सर्वांना ही वही कशासाठी ते नीट सांगावे. ही वही गुन्ह्यांच्या दप्तरात ठेवू नये. ज्याला नाव काढावेसे वाटेल त्याचे त्याच दिवशी काढावे. त्यासाठी कोणाच्या हुकमाची वाट पाहायला लागू नये. आणि नाव लिहिणाऱ्याने महिन्याकाठी त्या उंबऱ्यावर जाऊन यावे. नाहीतर वही म्हणजे रद्दी.

आमच्या वाडवडिलांना पोलीस दिसला की पळावेसे वाटे. पाड्यावरच्या एकट्या म्हातारीला तो दिसला आणि तिने बसायला घोंगडी टाकली, तर समजावे की इतिहासाचे एक पान उलटले. ते आपोआप उलटणार नाही. गावाने हात लावावा लागेल.