छपरातली टकटक

आज सुरुवातीलाच एक आवाज ऐकवतो. हेडफोन लावले असतील तर उत्तम.

(टेबलावर सहा भरभर ठोके. शांतता. पुन्हा सहा ठोके.)

हे मी बोटानं वाजवलं. पण इंग्लंडमधल्या जुन्या चर्चमध्ये आणि जुन्या घरांमध्ये एप्रिल ते जूनच्या सुमाराला असा आवाज खरंच येतो, आणि शेकडो वर्षं येत आलाय. कल्पना करा, घरात कुणी शेवटच्या घटका मोजतंय. घरचे उशाशी जागत बसलेत. सगळीकडे सामसूम, आणि डोक्यावरच्या तुळईतून टकटक, टकटक. लोकांनी अर्थ लावला की मृत्यू दार वाजवतोय. आपल्याकडे टिटवी ओरडली किंवा रात्री कुत्रं रडलं की आजी कशी दचकते, तसंच. म्हणून या किड्याचं नावच पडलं डेथवॉच बीटल. यातलं वॉच म्हणजे घड्याळ नव्हे बरं का, आजाऱ्याजवळचं जागरण.

प्रत्यक्षात हा असतो जेमतेम सात मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा. तो आपलं कपाळ लाकडावर आपटतो. नर ठोके देतो, मादी ठोक्यांनीच उत्तर देते, आणि त्या आवाजाच्या अंदाजानं तो तिला शोधत निघतो. अंधारात लोकेशन शेअर करायची त्यांची पद्धत म्हणा! यमदूत वगैरे काही नाही, साधं लग्न जुळवणं चाललेलं असतं. पण ते जिथं जुळतं ती जागा महत्त्वाची, आणि आजची गोष्ट त्या जागेची आहे.

चला लंडनला. ब्रिटिश पार्लमेंटच्या आवारात वेस्टमिन्स्टर हॉल नावाची एक इमारत आहे. भिंती मूळच्या अकराव्या शतकाच्या शेवटच्या. छप्पर त्यानंतरचं: राजा दुसरा रिचर्ड यानं १३९३ मध्ये ते काम काढलं, आणि ह्यू हर्लंड या सुतारानं ते उभं केलं. हॉलची रुंदी जवळजवळ २० मीटर, आणि मध्ये एकही खांब नाही. सगळं छप्पर ओकच्या लाकडाचं. झाडं राजाच्या जंगलांतून तोडली, सरे परगण्यात फार्नहॅमजवळ त्यांचा सांगाडा जुळवला, आणि मग गाड्यांवर आणि नावांवर लादून तो लंडनला आणला. म्हणजे फर्निचर फ्लॅट-पॅक करून आणावं तसं, फक्त शेकडो टनांचं.

या छपराखाली काय काय झालं! १५३५ मध्ये थॉमस मोरचा खटला, १६०६ मध्ये गाय फॉक्सचा, १६४९ मध्ये खुद्द राजा पहिला चार्ल्स याचा. आणि आपल्या ओळखीचं एक नाव: वॉरन हेस्टिंग्ज. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळचा गव्हर्नर जनरल म्हणून भेटतो, तोच. भारतातल्या त्याच्या कारभाराबद्दल पार्लमेंटनं त्याच्यावर महाभियोग चालवला, तो इथंच. १७८८ ला सुरू झाला आणि १७९५ ला तो निर्दोष सुटला. सात वर्षं! मला राहून राहून वाटतं, खाली बर्क तासन्‌तास भाषण ठोकत असताना वर तुळयांमध्ये हे भुंगेरे आपले ठोके देत असतील. याला कागदोपत्री पुरावा नाही, माझी आपली कल्पना. पण त्यांची अळी लाकडात दहा-दहा वर्षं राहू शकते, तेव्हा खटल्यापेक्षा जास्त काळ एकेक अळी वर बसून असणं अशक्य नाही.

१८३४ मध्ये पार्लमेंटची बहुतेक इमारत जळून खाक झाली, हॉल मात्र वाचला. आगीनं जे केलं नाही ते आतून चाललं होतं. पहिल्या महायुद्धाच्या जरा आधी फ्रँक बेन्स या सरकारी वास्तुविशारदानं छपराची कसून तपासणी केली. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या तुळया आत पोखरलेल्या निघाल्या. सांधे पोकळ, भिंतीत गेलेली टोकं भुसभुशीत. मग १९१४ ते १९२३ अशी दुरुस्ती चालली आणि जुन्या लाकडाच्या आतून पोलादाचा आधार देण्यात आला.

किडा मारायचा कसा, यासाठी एक माणूस बोलावला गेला, आणि तो थेट भारतातून परतलेला. हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय. बिहारमधल्या पुसा इथं सरकारनं शेतीसंशोधनाची मोठी संस्था काढली होती, तिथं तो इम्पीरियल एन्टोमॉलॉजिस्ट, म्हणजे सरकारचा मुख्य कीटकतज्ज्ञ होता. (दिल्लीतलं 'पुसा' माहीत असेल. बिहारमध्ये १९३४ ला भूकंप झाला, इमारत पडली, आणि संस्था नाव घेऊन दिल्लीला आली.) १९०९ मध्ये त्याचं 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' हे जाडजूड पुस्तक आलं, आपल्या देशातल्या कीटकांवरचं सुरुवातीचं एक मोठं काम. १९१२ च्या सुमाराला तो लंडनला इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक झाला आणि हा छपराचा प्रश्न त्याच्याकडे आला. त्यानं वेगवेगळी रसायनं मिसळून लाकडावर मारायची औषधं तयार केली. त्यातूनच पुढे १९२५ मध्ये रेंटोकिल कंपनी सुरू झाली. हो, तीच, आज ऑफिसात झुरळं मारायला येते ती. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लेफ्रॉय आपल्या प्रयोगशाळेत विषारी वायूचा प्रयोग करताना बेशुद्ध पडला. काही दिवसांत गेला. वय ४८.

मला या माणसाबद्दल आदर आहे. पण त्या काळाचा सगळा विचार एका रेषेत होता: लाकूड खराब झालं, त्यात किडा दिसला, किडा मारा. विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा. ओक हे इतकं कठीण, टॅनिननं भरलेलं लाकूड. सात मिलिमीटरच्या किड्याची अळी ते खातेच कशी? आणि सगळीकडे न खाता नेमक्या काही जागीच का खाते?

याचं नीट उत्तर १९३० च्या दशकात मिळालं. प्रिन्सेस रिझबरो इथल्या सरकारी लाकूड-संशोधन प्रयोगशाळेत आर. सी. फिशर नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. (संख्याशास्त्रातले प्रसिद्ध ते आर. ए. फिशर. हे वेगळे, आणि यांचं नाव फारसं कुणी घेत नाही.) त्यांनी या भुंगेऱ्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, १९३७ पासून त्यावर लेख लिहिले. निष्कर्ष साधा होता. निरोगी, कोरड्या ओकमध्ये या अळीचं फारसं काही चालत नाही. लाकडाला आधी बुरशी लागलेली असावी लागते. बुरशी लाकूड मऊ करते, पचण्याजोगं करते. लाकूड जितकं कुजलेलं, तितकी अळी भराभर वाढते.

आणि बुरशीला काय लागतं? ओल.

म्हणजे साखळी उलगडून बघा. छपरात कुठंतरी पाणी झिरपलं, किंवा तुळईचं टोक ओल्या भिंतीत अडकून राहिलं. तिथं हवा नाही. तिथं बुरशी आली आणि मग शेवटी भुंगेरा. आपल्या जुन्या वाड्यांमध्येही पाहा, तुळई मध्यभागी ठणठणीत असते आणि भिंतीत गेलेलं टोक आधी जातं. म्हणजे हा टकटक करणारा किडा चोर कमी आणि खबऱ्या जास्त. नुकसान तो करतो, नाकारत नाही मी. पण तो जिथं वाजवतोय तिथं पाणी शिरतंय, हे तो फुकटात सांगत असतो. औषध मारून त्याला गप्प केलं आणि गळती तशीच ठेवली, तर कूज चालूच राहणार, फक्त आता कळणार नाही.

बरं, हा किडा इमारती बांधायच्या आधी कुठं राहायचा? झाडात. म्हाताऱ्या, पोकळ झालेल्या ओकमध्ये, विलोमध्ये. इथं झाडाबद्दलची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती शाळेत नीट सांगत नाहीत. जिवंत झाडाचा मोठा भाग मेलेलाच असतो. पाणी वर नेण्याचं काम सालीखालचे बाहेरचे थर करतात. मधला काळसर, पक्का गाभा म्हणजे निवृत्त झालेलं लाकूड. म्हातारपणी बुरशी तो गाभा खाते, झाड आतून पोकळ होतं, आणि तरीही बाहेरच्या जिवंत कड्यावर अनेक वर्षं, काही ओक तर शतकानुशतकं उभं राहतं. पाइप पोकळ असूनही भक्कम असतो ना, तसं काहीसं. म्हणून ज्या झाडाच्या ढोलीत भुंगेऱ्यांच्या अळ्या आहेत ते झाड मरायलाच टेकलंय, असं समजून करवत काढणं ही मोठी घाई आहे. पोकळ दिसलं की 'धोकादायक' असा शिक्का मारणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवतो. काही झाडं खरोखर धोकादायक असतात, पण ते तपासून ठरवायचं असतं.

आता आणखी मागे जाऊ, सुमारे ३००० वर्षं. उत्तर इंग्लंडमध्ये डॉनकास्टरजवळ थॉर्न मूर्स नावाची प्रचंड दलदल आहे. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर. त्यात हवा पोचत नाही, म्हणून आत पडलेलं सगळं टिकून राहतं. १९७० च्या दशकात पॉल बकलँड या अभ्यासकानं तिथल्या कांस्ययुगीन थरांतले किडे शोधले. पद्धत मस्त आहे: पीट पाण्यात कालवायचं आणि त्यात रॉकेल ओतायचं. किड्यांच्या टणक पंखांना, डोक्यांना रॉकेल चिकटतं आणि ते वर तरंगतात. मग गाळून घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तुकडा ओळखत बसायचं. धीराचं काम.

त्यात त्याला असे भुंगेरे मिळाले जे आज ब्रिटनमध्ये नाहीतच. त्यातला एक ऱ्हायसोडीस सल्केटस. हा आजही युरोपातल्या काही अगदी जुन्या जंगलांत आढळतो, जिथं मोठाले ओंडके पडले की कुणी उचलत नाही, ते वर्षानुवर्षं ओले, कुजत राहतात. जुन्या परागकणांवरून त्या काळी कोणती झाडं होती हे कळतं. पण झाडं म्हातारी होऊ दिली जात होती का, पडलेली खोडं तशीच राहत होती का, हे परागकण सांगू शकत नाहीत. ते या भुंगेऱ्यांनी सांगितलं. एके काळी तिथं न छेडलेलं जंगल होतं. मग माणसानं झाडं तोडली, सरपण गोळा केलं, रान साफसूफ केलं, आणि हे किडे गेले. त्यातले बरेच फार लांब उडू शकत नाहीत. मेलेल्या लाकडाची एक पिढी मधे गळली की त्यांचा वंश त्या भागातून संपतो. नवीन झाडं लावून उपयोग नाही, कारण पोकळ व्हायला ओकला दोन-तीनशे वर्षं लागतात.

म्हणूनच मधली गॅप भरायला स्वीडनमधल्या संशोधकांनी एक अफलातून उद्योग केला. त्यांनी लाकडी पेट्या केल्या, त्यात ओकचा भुसा आणि पाला भरला, आणि त्या जुन्या ओकच्या खोडांना टांगल्या. खोट्या ढोल्याच म्हणा. ढोलीत पक्षी मरतात, त्यांची विष्ठा साचते, तो मालमसालाही हवा ना? मग काही पेट्यांमध्ये कोंबडीची विष्ठा घातली, आणि काहींमध्ये अख्खी मेलेली कोंबडी. पुढच्या काही वर्षांत त्या पेट्यांत खऱ्या ढोलीत राहणारे कितीतरी जातींचे भुंगेरे राहायला आले.