रुतणारी गाडी आणि मोठे चाक : लिबियाच्या वाळूपासून दक्षिण ध्रुवापर्यंत

१/ २२ नोव्हेंबर २०१० रोजी आठ भारतीयांचे एक पथक दक्षिण ध्रुवावर पोहोचले. गोव्यातील राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राची ही मोहीम होती आणि तिचे नेतृत्व रसिक रवींद्र यांच्याकडे होते. अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ या भारतीय केंद्रापासून ध्रुवापर्यंतचा हा प्रवास रणगाड्यासारख्या पट्ट्यांच्या वाहनांनी झाला नव्हता. तो टोयोटाच्या पिकअप गाड्यांनी झाला होता. मूळ गाडी बाजारात मिळते तीच. चाके मात्र ४४ इंच उंचीची, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याला लागतील एवढी.

२/ एवढी मोठी चाके कशासाठी? ‘पकड वाढावी म्हणून’ हे उत्तर सर्वांना सुचते, पण ते अपुरे आहे. जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला मोठे टायर कोणते आणि का लावावेत, या प्रश्नाला सुमारे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक महायुद्ध आहे, दोन निर्मनुष्य प्रदेश आहेत आणि अनेक रुतलेल्या गाड्या आहेत. तो समजण्यासाठी आधी थोडे गणित पाहावे लागते.

३/ दोन टनांच्या गाडीचे प्रत्येक चाक सुमारे ५०० किलो भार पेलते. टायरमध्ये ३० पौंड हवा असेल, तर तो भार जमिनीच्या साधारण २४० चौरस सेंटिमीटर भागावर येतो. ए-फोर कागदाच्या अर्ध्या भागापेक्षाही ही जागा लहान आहे. हवा १० पौंडांवर आणली की तीच जागा सुमारे तिप्पट होते. ३ पौंडांवर आणली तर हिशेबाने ती दहापट व्हायला हवी. टायरच्या भिंती काही भार स्वतः पेलतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडी कमी होते.

४/ चालणाऱ्या माणसाच्या पावलाखाली साधारण पाच ते सात पौंड दाब असतो. म्हणजे ज्या भुसभुशीत हिमात माणूस गुडघ्यापर्यंत खचतो, त्यावरून ३ पौंड हवेची दोन टनी गाडी जाऊ शकते. उंटाचे पसरट, गादीसारखे पाऊल वाळूवर हेच काम करते. मात्र लहान टायरमधील हवा इतकी उतरवली तर रिम थेट जमिनीला टेकते. मोठ्या टायरची भिंत उंच असते, त्यामुळे तो पुष्कळ दबूनही रिम वर राखतो. मोठ्या चाकाचा खरा उपयोग हा आहे : हवा सोडण्यासाठी त्यात जागा असते.

५/ ही विद्या इंग्रजांनी वाळवंटात शिकली. राल्फ बॅग्नॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२६ मध्ये इजिप्तमध्ये रुजू झाला. सुट्टी मिळाली की तो मित्रांसह फोर्डच्या ‘मॉडेल टी’ आणि पुढे ‘मॉडेल ए’ गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरे. या गाड्यांना पुढच्या चाकांवर इंजिनाचा जोर नव्हता. त्या रुतत, माणसे त्या उपसून काढत, चाकांखाली पोलादी पट्ट्या घालत, सामान उतरवत आणि टायरमधील हवा कमी करत. अशा मोहिमांतून वाळूचा स्वभाव त्यांच्या अंगवळणी पडला.

६/ १९४० च्या उन्हाळ्यात इटली युद्धात उतरले, तेव्हा या छंदाला एकाएकी लष्करी मोल आले. जनरल वेव्हेल यांच्या संमतीने बॅग्नॉल्डने कैरोत एक पथक उभारले. तेच पुढे ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ म्हणून ओळखले गेले. त्यातील पहिले सैनिक प्रामुख्याने न्यूझीलंडचे होते. शत्रूच्या मागे शेकडो मैल जाऊन टेहळणी करायची आणि परतायचे, हे त्यांचे काम. पाणी, पेट्रोल, अन्न, दारूगोळा, सारे ट्रकवर. तिथे गाडी सोडावी लागली, तर प्रश्न गाडीचा उरत नसे. माणसांच्या जिवाचा होई.

७/ सुरुवातीला त्यांनी दीड टन भार वाहणारे शेव्हरोले ट्रक घेतले. ते फक्त मागच्या चाकांवर चालणारे होते. १९४१ च्या प्रारंभी त्यांच्या जागी कॅनडात बनलेले ‘फोर्ड एफ-३०’ आले. हे फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक १०.५०-१६ मापाच्या रुंद टायरवर चालत. म्हणजे टायरची रुंदी साडेदहा इंच आणि रिम सोळा इंचांची. कागदावर ही सुधारणाच होती.

८/ प्रत्यक्षात एफ-३० जड निघाला आणि पेट्रोल फार पिऊ लागला. जास्त पेट्रोल लागते म्हणून ते जास्त वाहायचे, ते वाहायचे म्हणून वजन वाढायचे आणि वजन वाढले की गाडी अधिक रुतायची, असे हे चक्र होते. १९४२ मध्ये पथकाने पुन्हा टू-व्हील-ड्राइव्ह शेव्हरोले स्वीकारले, पण रुंद टायर ठेवले. चारही चाकांचा जोर सोडून दिला. मोठे टायर आणि हलकी गाडी सोडली नाही. वाळवंटात जगून परतण्याचा अनुभव असलेल्या माणसांची ही निवड होती.

९/ त्याच सुमारास अमेरिकेत जीएमसीच्या सहाचाकी लष्करी ट्रकपासून पाण्यात आणि जमिनीवर चालणारे ‘डक’ हे वाहन तयार झाले. मूळ ट्रकला मागे दुहेरी टायर होते. ‘डक’ला सर्वत्र एकेरी, पण मोठे ११.००-१८ टायर दिले गेले. एकेरी चाकांमुळे मागचे चाक पुढच्याने दाबलेल्या वाटेनेच जाते. दुहेरी चाकाला मात्र प्रत्येक वेळी नवी वाळू फोडावी लागते. पुढे तर चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करण्याची सोय मिळाली. किनाऱ्यावर हवा सोडायची आणि पक्क्या रस्त्यावर लागताच भरून घ्यायची.

१०/ याच युद्धात याच्या अगदी उलट उदाहरणही आहे. प्रसिद्ध विलीज जीपचे टायर ६.००-१६ मापाचे, म्हणजे अरुंद होते. तरीही चिखलात या जीपने नाव कमावले. कारण चिखल आणि वाळू एक नव्हेत. वरचा चिखल वीतभर असेल आणि खाली कठीण जमीन असेल, तर अरुंद चाक तो कापून तळ गाठते आणि तिथे पकड घेते. रुंद चाक अशा वेळी वरच घसरत राहते. वाळूला किंवा खोल हिमाला असा हाताशी तळ नसतो. तिथे कापत जाणारे चाक बुडतच जाते.

११/ म्हणून टायर निवडताना पहिला प्रश्न गाडीला नव्हे, जमिनीला विचारावा लागतो : खाली तळ आहे का? असेल तर अरुंद चाक चालते, कित्येकदा तेच बरे. नसेल तर गाडी तरंगायला हवी, आणि तरंगण्यासाठी उंच, मऊ, कमी हवेचे टायर हवेत. तळ नसलेल्या जमिनीचे सर्वात मोठे शिक्षण पुढे एका छोट्या बेटावर झाले : आइसलँडमध्ये.

१२/ १० मे १९४० रोजी ब्रिटिश सैन्य आइसलँडमध्ये उतरले; पुढच्या वर्षी अमेरिकनांनी त्यांची जागा घेतली. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जीप आणि डॉज ट्रक स्थानिकांच्या हाती आले. देशाच्या मधल्या भागात रस्ते नव्हते. बेटाला वळसा घालणारा मुख्य रस्तासुद्धा १९७४ मध्ये पूर्ण झाला. नद्या आणि लाव्हाची पठारे या जुन्या गाड्यांनी ओलांडली. पण हिमनद्यांवर त्या हतबल होत. एकटी वात्नायोकुल हिमनदीच सुमारे ८००० चौरस किलोमीटर पसरलेली आहे. १९५० मध्ये स्थापन झालेल्या तेथील हिमनदी संशोधन संस्थेचे लोक तिच्यावर जाण्यासाठी लष्करी ‘वीझल’सारखी पट्ट्यांची वाहने वापरत.

१३/ १९८० च्या दशकात चित्र पालटले. आइसलँडच्या हौशी चालकांनी जुन्या जीप, ब्रॉन्को, लँड रोव्हर आणि टोयोटा गाड्यांना अमेरिकेत चिखलासाठी बनवलेले मोठे टायर लावले आणि त्यांतील हवा दोन-तीन पौंडांवर आणली. गाड्या हिमावर तरंगू लागल्या. ३८ इंची टायर हे जवळजवळ प्रमाण ठरले. १९८३ मध्ये या लोकांचा फोर-बाय-फोर क्लब स्थापन झाला आणि १९९० मध्ये टोयोटाच्या तेथील वितरकाचा एक विभाग म्हणून ‘आर्क्टिक ट्रक्स’ सुरू झाली. २०१० मध्ये भारतीय पथकाला ध्रुवावर नेणाऱ्या गाड्या याच कंपनीने तयार केलेल्या होत्या.

१४/ मोठ्या चाकाची किंमतही मोठी असते. विलीज जीपच्या अ‍ॅक्सलमधील क्राउन-पिनियनचे गुणोत्तर ४.८८ होते आणि चाक साधारण २८ इंचांचे. त्याजागी ३८ इंची चाक लावले की गाडी ३.६ गुणोत्तर असल्यासारखी वागते. इंजिन तेच राहते, पण चाकापर्यंत पोहोचणारा जोर चौथ्या भागाहून अधिक घटतो. तो परत हवा असेल, तर गुणोत्तर ६.६ च्या आसपास न्यावे लागेल. स्पीडोमीटरही खोटे बोलू लागतो : काटा ४० दाखवतो, तेव्हा वेग ५४ असतो.

१५/ याखेरीज लांब तरफेप्रमाणे मोठे चाक ब्रेकला अधिक राबवते. स्टिअरिंग जड होते. बेअरिंग आणि अ‍ॅक्सलच्या दांड्यांवर ताण येतो. आइसलँडच्या कारागिरांनी म्हणूनच केवळ टायर बदलले नाहीत. त्यांनी मडगार्ड कापले, मागचा अ‍ॅक्सल मागे सरकवला, गिअर बदलले, अतिशय संथ गतीसाठी जादा गिअरपेटी बसवली. ‘टायर बदलणे’ हा शब्दप्रयोग इथे फसवा आहे. टायर बदलला की सबंध गाडीचाच पुन्हा विचार करावा लागतो.

१६/ कमी हवेचेही धोके आहेत. वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. तशाच हवेवर पक्क्या रस्त्याने वेगात गेल्यास भिंती तापून फाटतात; म्हणून रस्त्यावर येताच हवा भरणे हा नियम, आणि गाडीत कॉम्प्रेसर ही गरज. आणखी एक धोका यंत्राचा नाही, माणसाचा आहे. मोठ्या टायरची गाडीही कधीतरी रुततेच. फक्त ती मदतीपासून अधिक दूर गेल्यावर रुतते. बॅग्नॉल्डचे सोबती आणि हिमनदीवरचे चालक एकेकटे न जाता अनेक गाड्या मिळून जात, त्याचे कारण हेच.

१७/ या इतिहासाचा एक धागा मुंबईशी जुळतो. १९४७ नंतर महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि ६.००-१६ हे माप आपल्याकडील गॅरेजवाल्यांच्या तोंडी बसले. आज अशा जुन्या जीपना मोठे टायर लावण्याची हौस मोठी आहे. कायदा मात्र कडक आहे : मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आइसलँडमध्ये बदललेल्या गाडीची वेगळी तपासणी आणि नोंद होते. दोन्हीकडे काळजी एकच : बदललेले चाक रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशी निगडित असते.

१८/ लिबिया, आइसलँड आणि अंटार्क्टिका यांचा अनुभव एकत्र ठेवला, तर निवडीचा क्रम स्पष्ट होतो. आधी जमीन ओळखावी. मग वजन कमी करावे. मग आहे त्याच टायरमध्ये थोडी हवा सोडून पाहावी. एवढ्याने भागले नाही, तरच मोठे चाक, आणि त्याच्या मागोमाग गिअर, ब्रेक व स्टिअरिंगचा खर्च. शेव्हरोले ट्रकवरचे सैनिक या क्रमाने शिकले, कारण चुकीची किंमत त्यांना माहीत होती. दक्षिण ध्रुवावर पोहोचलेली ती ४४ इंची चाके दिसायला भव्य होती. त्यांची खरी कामगिरी मात्र एवढीच, की त्यांनी हिमावर फारसा भार पडू दिला नाही.