सुरतेचा किल्ला

मराठी माणसाला सुरत म्हटले की १६६४ हे साल आठवते. तापीकाठचा किल्ला सहसा आठवत नाही. वस्तुतः त्या प्रसंगाचे अर्धे रहस्य याच किल्ल्यात दडलेले आहे.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे बंदर वारंवार जाळले. म्हणून गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या आज्ञेने खुदावंदखानाने १५४० ते १५४६ या काळात हा किल्ला उभारला. दगड लोखंडी पट्ट्यांनी जखडून सांध्यांत शिशाचा रस ओतल्याचे निजामुद्दीन अहमद लिहितो. बुरुजांवरील चौकंड्या बांधू नयेत म्हणून पोर्तुगीजांनी पैसाही देऊ केला, खानाने तो नाकारला, हेही तोच सांगतो. इंग्लंडात नॉर्मन विजेत्यांनी मातीची टेकाडे रचून त्यांवर किल्ले बांधले, ते जिंकलेल्या प्रजेवर जरब बसविण्यासाठी. सुरतेच्या किल्ल्याचा रोख मात्र नदीवाटे येणाऱ्या शत्रूवर होता. १५७३ साली अकबराला तो घेण्यास सुमारे दीड महिना लागला.

पण खुष्कीच्या बाजूने शहर जवळजवळ उघडेच राहिले! ६ जानेवारी १६६४ रोजी शिवाजी महाराज आले, तेव्हा सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात दडला. त्याच्या तोफांनी मराठ्यांपेक्षा शहराचीच हानी अधिक केली, असे समकालीन वृत्तांत सांगतात. किल्ला महाराजांनी घेतला नाही, यात कमीपणा शोधणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे की त्यांना हवे होते ते तटाबाहेरच होते, आणि वेढ्यात दवडायला वेळ नव्हता. चार दिवसांनी ते परतले. औरंगजेबाने शहराला तट घातला तो यानंतर. तरी १६७० च्या ऑक्टोबरात मराठे पुन्हा आत शिरलेच.

१७५९ मध्ये इंग्रजांनी सिद्दीकडून किल्ला घेतला. शहराचा कारभार त्यांच्या हाती पुरता यायला १८०० साल उजाडले, पण खरी सत्ता किल्ल्याबरोबरच गेली होती. १८६२ साली लष्कर हलले आणि दालनांत महसूल व पोलिसांची दप्तरे थाटली गेली. ज्या तटांवर तोफा राहिल्या नाहीत ते या कारकुनी वापरामुळेच टिकले असावेत, असे मला वाटते.

अलीकडे महानगरपालिकेने जीर्णोद्धार करून तेथे संग्रहालय केले आहे. चौकबाजारातून गेल्यास चार गोल बुरुज लगेच नजरेस पडतात. आपल्या सभासदांनी तटावर उभे राहून आधी नदीकडे पाहावे, मग शहराकडे. इनायतखानाला त्या चार दिवसांत काय दिसले असेल, ते तिथेच उमगते.