सोने गेले, खड्डे राहिले

सोन्याची खाण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? खोल विवर, हातात कंदील आणि खडकात चमकणारी पिवळी रेघ. पण वाचकहो, आज मी तुम्हांला जिथे नेणार आहे तिथे यातले काहीच दिसायचे नाही.

ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या वायव्येस, कॅसलमेन नावाचे गाव आहे. त्याच्या भोवतालचा जुन्या खाणींचा मुलूख व्हिक्टोरिया राज्याने २००२ साली वारसा उद्यान म्हणून राखून ठेवला. तिकडे रानाला 'बुश' म्हणतात, आणि सुटीच्या दिवशी दहावीस जणांनी मिळून त्यात पायी हिंडावयाचे, हा तिथल्या लोकांचा आवडता छंद. तेव्हा आपणही अशाच एका जथ्यात सामील होऊ या. पथ्य एकच. पायवाट सोडू नका. झुडपांआड खाणींची तोंडे अजून उघडी आहेत.

प्रथम झाडांकडे पाहा. एकेका बुडख्यातून तीनतीन, चारचार खोडे वर आलेली दिसतील. मूळची झाडे खाणीतल्या टेकूंसाठी आणि सरपणासाठी तोडली गेली, त्यांना पुढे फुटलेले हे धुमारे. जरा पुढे जमिनीत एक गोल चर लागतो. चुन्याची घाणी ज्याने पाहिली आहे त्याला तो लगेच ओळखू येईल. बैलाच्या जागी घोडा आणि चुन्याच्या जागी चिखल, एवढाच फरक. चिकणमाती पाण्यात घुसळून पातळ करावयाची, म्हणजे जड सोने तळाशी राहते.

या भागात सोने सापडले ते १८५१ च्या जुलैत, आणि डिसेंबरपर्यंत इथे हजारो माणसे तंबू ठोकून बसली. सरकारने प्रत्येक खोदणाऱ्यावर महिना ३० शिलिंगांचा परवाना बसविला होता. सोने मिळो न मिळो, पैसे भरलेच पाहिजेत! पीक बुडाले तरी सारा चुकत नाही, हे ज्यांनी ऐकले-भोगले आहे त्यांना यातली मेख सांगावयास नको. हीच रक्कम दुप्पट करण्याचा घाट सरकारने घातला, तेव्हा १५ डिसेंबर १८५१ रोजी जवळच्या च्यूटन येथे हजारोंची सभा भरली. वाढ रद्द झाली, परवाना मात्र राहिला. पुढे बॅलरॅट येथे युरेका नावाच्या जागी खाणकऱ्यांनी लाकडी मोर्चेबंदी उभारली. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे सैन्याने ती मोडली आणि निदान बावीस खाणकरी प्राणास मुकले. त्यांचे रक्त वाया गेले नाही. १८५५ साली परवाना जाऊन वर्षाला एक पौंडाचा हक्कपत्र आला, आणि त्याबरोबर मताचा अधिकारही.

गोष्ट इथेच संपविली तर ती फार गोड होईल. पण त्याच १८५५ साली, त्याच व्हिक्टोरियाने जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसविला. काय गंमत आहे पाहा! एकाला वर्षाचा हक्क एका पौंडात, दुसऱ्याला नुसते पाऊल टाकावयास दहा. तो चुकविण्यासाठी हजारो चिनी शेजारच्या वसाहतीतील रोब या बंदरात उतरले आणि तिथून ४०० किलोमीटरहून अधिक वाट तुडवीत खाणींवर आले. आपण हौसेने चालतो आहोत; ते कर चुकवून पोट भरण्यासाठी चालले.

आणि ज्यांच्या पूर्वजांची ही भूमी, त्या जा-जा-वुरुंग लोकांना परवाना देताना वा घेताना कोणी विचारलेही नाही. ते आपल्या या प्रदेशाला 'उलटापालटा झालेला मुलूख' म्हणतात. पायाखालची माती पाहिलीत तर शब्द पटेल: खालची पिवळी माती वर आलेली, आणि वरची काळी ओढ्यांत वाहून गेलेली. २०१३ साली राज्य सरकारने करार करून या भूमीचे परंपरागत धनी म्हणून त्यांना मान्यता दिली.

परतताना पेनीवेट फ्लॅटची लहानशी दफनभूमी लागेल. पेनीवेट म्हणजे औंसाचा विसावा भाग, सोने तोलण्याचे अगदी बारीक माप. १८५२ ते १८५७ या काळात इथे सुमारे २०० जणांना पुरले, आणि त्यांत बहुतेक लहान मुले होती. घाणेरडे पाणी, निकृष्ट अन्न आणि तंबूंतली रोगराई. पुष्कळ थडग्यांवर नाव नाही, नुसते दगड रचलेले आहेत.

इथे जथ्यातली बोलणी आपोआप थांबतात. मेलबर्नच्या भव्य इमारती या मुलखातल्या सोन्यावर उभ्या राहिल्या, हे पाठ्यपुस्तकात वाचावयास मिळते. त्या सोन्यासाठी कोणी काय मोजले, हे मात्र इथे येऊन, थोडे वाकून पाहावे लागते. आपल्या गावाजवळ एखादी ओसाड खाण किंवा जुना कारखाना असेल, तर पुढच्या सुटीत चार मित्रांना घेऊन तिकडे जा, आणि हाच प्रश्न तिथेही विचारून पाहा.