दार कुणी अडवलं होतं?

पन्हाळ्याच्या अंधारबावेत उतरलं की गाईड हमखास तटाबाहेर निघणारी चोरवाट दाखवतो. वेढा पडला तर सुटायची सोय. मी समुपदेशक आहे. ती वाट पाहिली की मला याच गादीवरचा एक राजा आठवतो, ज्याला सुटायला वाट उरली नव्हती.

करवीरची राजधानी आधी पन्हाळा होती, १७८२ मध्ये ती कोल्हापूरला आली. १८७१ मध्ये नारायणराव भोसले दत्तक आले आणि चौथे शिवाजी झाले. पोर तेव्हा आठ वर्षांचं होतं. पुढे इंग्रजांनी त्यांना वेडं ठरवून नगरच्या किल्ल्यात ठेवलं. महाराजांचा छळ होतोय, असं 'केसरी' आणि 'मराठा'नं लिहिलं. कारभारी बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. २५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराज गेले. वय अवघं वीस.

ते खरंच वेडे होते का, हा वाद अजून चालतो. मला मात्र वाटतं, आजार होता असं धरलं तरी जीव आजारानं घेतला नाही. शिपायाला माणूस आवरायला शिकवलेलं असतं, घाबरलेल्याला शांत करायला नाही.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक तरुण माझ्यासमोर ओरडायला लागला. तो पळून जाईल या भीतीनं मी दारात जाऊन उभा राहिलो. त्यानं खुर्ची उचलली. तेवढ्यात आमच्या सिस्टर आल्या. त्यांनी मला बाजूला सरकवलं, त्याच्यापासून चार पावलं लांब थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पाणी देऊ का, दादा?" थोड्या वेळानं खुर्ची खाली आली.

नंतर त्या मला एवढंच म्हणाल्या, "सर, दार तुम्हीच अडवलं होतं."

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी घातली. जिवाला तातडीचा धोका असेल आणि दुसरा इलाजच नसेल, तरच मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, गरजेपुरतं जखडता येतं. शिक्षा म्हणून नाही, माणसं कमी आहेत म्हणूनही नाही.

कायदा कागदावर आहे, खोली आपणच मांडायची असते. आता मी दोन खुर्च्या अशा ठेवतो की दार दोघांनाही गाठता येईल. आणि हाकेच्या अंतरावर कुणीतरी आहे ना, हे आधी बघून घेतो.