खाडा, रजा आणि हक्क : प्रसूतिलाभाच्या कायद्याचा इतिहास आणि रत्नागिरी जिल्हा

मुंबईच्या गिरण्यांच्या बोलींत गैरहजेरीच्या दिवसाला ‘खाडा’ म्हणत. हजेरीपटावर कामगाराच्या नांवापुढें जी जागा रिकामी राही, ती आजारानें राहिली, घरच्या मयतीनें राहिली कीं बाळंतपणानें राहिली, हा भेद त्या शब्दांत नाहीं. ‘रजा’ हा शब्द निराळ्या कुळांतला. तो मूळचा अरबी, फारसीच्या वाटेनें मराठींत आलेला, आणि संतोष, संमति हा त्याचा मूलार्थ. रजा म्हटली कीं ती देणारा कोणी तरी असतो, आणि देणाऱ्याला नाकारण्याची मुभाही असते. ‘हक्क’ हा शब्दही अरबींतूनच आला. परंतु त्याला कोणाच्या संमतीची अपेक्षा नाहीं. काम करणाऱ्या स्त्रीच्या बाळंतपणाचा खाडा रजा केव्हां झाला आणि रजेचा हक्क कितपत झाला, हें रत्नागिरी जिल्ह्याच्या अनुभवावरून तपासून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१

यासाठीं रत्नागिरीच कां, असा प्रश्न वाचकाच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. या जिल्ह्यांत कापडगिरण्यांचा उद्योग वाढला नाहीं. परंतु मुंबईच्या गिरण्या ज्या माणसांनीं चालविल्या, त्यांचा फार मोठा भाग याच जिल्ह्यानें पुरविला. १९११ च्या खानेसुमारीप्रमाणें मुंबईंतील गिरणीकामगारांपैकीं जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले होते. (१९८१ मध्यें सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत या जिल्ह्याची हद्द दक्षिणेस गोव्याच्या सीमेपर्यंत होती, हें येथें लक्षांत ठेवावें.) पुढें देशावरून व उत्तर हिंदुस्थानांतून येणारांची संख्या वाढली आणि हें प्रमाण उतरत गेलें, तरी गिरणगांवाचा कोंकणाशीं असलेला संबंध तुटला नाहीं.

या कामगारांत स्त्रियांचाही वांटा होता. १९२० च्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांपैकीं सुमारें पांचवा हिस्सा स्त्रियांचा होता. वाइंडिंग आणि रीलिंग हीं त्यांचीं मुख्य खातीं. त्यांच्यावर देखरेख करणारी स्त्री ‘नायकीण’ म्हणून ओळखली जाई. कामावर घेणें, काढून टाकणें, गैरहजर बाईच्या जागीं ‘बदली’ लावणें या गोष्टी पुष्कळ अंशीं तिच्या हातीं असत. दिवस भरत आलेल्या स्त्रीचा पहिला व्यवहार मालकाशीं नसे, नायकिणीशीं असे. तिच्या मर्जीवर परत आल्यावरची जागा अवलंबून असे. कायदा येण्यापूर्वींची ‘रजा’ ही अशी अक्षरशः संमति होती.

रत्नागिरीच्या स्त्रीच्या दृष्टीनें बाळंतपण ही गांवाकडची गोष्ट. पहिलें बाळंतपण माहेरीं, हा रिवाज सर्वत्रच होता. पुढचींही शक्य तर गांवींच होत, कारण चाळींतल्या एका खोलींत अनेक माणसांच्या वस्तींत बाळंतिणीला कोपरा मिळणें कठीण होतें. १९२१-२२ मध्यें मुंबई सरकारनें गिरण्यांतील स्त्रियांच्या प्रसूतिकालीन स्थितीची पाहणी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरकडून करविली. आईला कामावर जातां यावें म्हणून तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन निजविण्याची चाल किती पसरली होती, हें त्या पाहणीमुळें सरकारदरबारीं नोंदलें गेलें. १९२६ मध्यें परळ येथें नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडलें आणि मुंबईंतच बाळंत होण्याचा एक चांगला पर्याय गिरणगांवाला मिळाला. परंतु बाळंत होणें आणि बाळंतपण काढणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला एक दिवस लागतो. दुसरीला आपल्या रूढीनें सव्वा महिना ठरविला आहे.

२

१९१९ मध्यें वॉशिंग्टन येथें भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें प्रसूतीपूर्वीं सहा व प्रसूतीनंतर सहा आठवडे विश्रांतीचा करार संमत केला. हिंदुस्थान सरकारनें तो स्वीकारला नाहीं. त्या परिषदेस कामगारांचे प्रतिनिधि म्हणून गेलेले नारायण मल्हार जोशी यांनीं १९२४ मध्यें मध्यवर्ती विधिमंडळांत या विषयाचें विधेयक आणलें. तें १९२५ मध्यें फेटाळलें गेलें. त्यानंतर हा प्रश्न मुंबई इलाख्याच्या विधिमंडळांत आर. एस. आसवले यांनीं हातीं घेतला. त्यांच्या विधेयकावर १९२८ च्या जुलै महिन्यांत चर्चा झाली, त्या वेळीं मुंबईच्या गिरण्या सार्वत्रिक संपामुळें बंद होत्या. चर्चेला केवढी पार्श्वभूमि होती, हें यावरून ध्यानांत येईल.

या चर्चेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं २८ जुलै १९२८ रोजीं केलेलें भाषण विशेष महत्त्वाचें आहे. त्यांचें मूळ गांव आंबडवे हें रत्नागिरी जिल्ह्याच्याच मंडणगड तालुक्यांतलें. त्यांच्या युक्तिवादाचे दोन भाग होते. बाळंतपणाच्या आधीं व नंतर आईला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून या खर्चाचा बराचसा भार वस्तुतः सरकारनें उचलावा, हा पहिला. सरकार तो उचलीत नाहीं म्हणून मालक मोकळा होत नाहीं. स्त्रीला कामावर ठेवण्यांत त्याचा फायदा असतो, म्हणूनच तो तिला ठेवतो, हा दुसरा. राज्याची जबाबदारी मोठी, पण ती पुरी होईतों मालकाला सूट नाहीं, असा हा विचार होता.

१९२९ मध्यें कायदा झाला. हिंदुस्थानांतील या प्रकारचा हा पहिला कायदा होय. मध्यप्रांतानें १९३० मध्यें त्याचें अनुकरण केलें. मुंबईच्या कायद्यानें कारखान्यांतील स्त्रीला प्रसूतीपूर्वीं तीन आठवडे व नंतर चार आठवडे, रोज आठ आणे याप्रमाणें लाभ ठरविला. सात आठवड्यांचे एकूण चोवीस रुपये आठ आणे होतात. अट अशी कीं, ज्या मालकाकडे लाभ मागावयाचा त्याच्याच कारखान्यांत तिची ठराविक मुदतीची नोकरी झालेली असावी. ही मुदत आरंभीं सहा महिने होती. पुढें ती नऊ महिन्यांवर गेली. शिवाय एका महिन्याच्या आंत प्रसूति अपेक्षित असल्याची सूचना तिनें द्यावयाची होती.

३

ही आंकडेमोड कोंकणच्या स्त्रीला कशी लागू पडली असेल, याचा विचार केला पाहिजे. त्या काळीं मुंबईहून रत्नागिरीस जाण्याचा सोयीचा मार्ग बोटीचा. पावसाळ्यांत बोटी बंद रहात. घाटमार्गानें, म्हणजे आगगाडीनें कोल्हापूर गांठून तेथून आंबा घाट उतरण्याचा प्रवास लांबचा आणि खर्चाचा. अवघडलेल्या स्त्रीला तो भर पावसांत करावयास लावणें कोणत्याही घरानें टाळलें असतें.

समजा, एखाद्या स्त्रीचे दिवस १५ जुलैला भरावयाचे आहेत. बोटी बंद होण्यापूर्वीं, २५ मे रोजीं, तिनें मुंबई सोडली. प्रसूतीला त्या दिवशीं एकावन दिवस उरले आहेत. पैकीं एकवीस दिवस लाभाचे. बाकीचे तीस दिवस खाडा. प्रसूति एका महिन्याच्या आंत अपेक्षित आहे असें ती निघतांना सांगूं शकत नाहीं, कारण तें खरें नाहीं. आतां पुढची बाजू पाहूं. चार आठवडे १२ ऑगस्टला संपतात. सव्वा महिना त्यानंतर दहा दिवसांनीं पुरा होतो, आणि समुद्र मोकळा होऊन बोटी पुन्हां नियमितपणें सुरू होईपर्यंत आणखी कांहीं दिवस जातात. तोंवर तिच्या जागीं लागलेली बदली खात्यांत स्थिरावलेली असते. हेंच बाळंतपण माघांत असतें तर हिशेब पुष्कळ सुखाचा झाला असता. एकाच कायद्यानें एकाच खात्यांतल्या दोन स्त्रियांना, केवळ महिना निराळा म्हणून, निराळें फळ मिळावें अशी ही रचना होती.

हें उदाहरण अर्थात् अनुमानाचें आहे. परंतु अनुमानाचे घटक, म्हणजे कायद्यांतील मुदती, बोटींचा हंगाम आणि गांवीं जाण्याची रीत, हे निश्चित आहेत. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कायद्यानें बाळंतपणाला प्रथमच मोल दिलें, परंतु दिवस मोजण्याची पद्धत हजेरीपटाचीच ठेवली. गर्भाचे दिवस, समुद्राचे दिवस आणि गिरणीचे दिवस यांचा मेळ घालण्याचें काम स्त्रीवरच राहिलें. मोल दिलें हें मात्र थोडें नव्हे. चोवीस रुपये आठ आणे मागण्यासाठीं नायकिणीच्या मर्जीची आवश्यकता तत्त्वतः उरली नाहीं, आणि खाड्याच्या चौकटींत प्रथमच दुसरा कांहीं शब्द लिहिला गेला.

कायद्यानंतरच्या दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचें प्रमाण घटूं लागलें. त्याचा ठपका पुष्कळदां या कायद्यावर ठेवला जातो. लाभाचा सगळा खर्च ज्यानें स्त्रीला कामावर ठेवलें त्याच्यावरच पडत असल्यामुळें तिला न ठेवण्याकडे त्याचा कल होणार, हें उघड आहे. परंतु वाइंडिंग-रीलिंगच्या खात्यांतील यंत्रांची सुधारणा आणि रात्रपाळीवर स्त्रियांना असलेली बंदी हीं कारणेंही तितकींच बलवत्तर होतीं. एकट्या कायद्याला दोषी धरणें इतिहासाला धरून होणार नाहीं. आंबेडकरांच्या युक्तिवादाचा पहिला भाग कायद्यांत उतरला नाहीं, हें त्याचें वैगुण्य मात्र येथें उघडें पडतें.

४

स्वातंत्र्यानंतर ही उणीव अंशतः भरून निघाली. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यानें प्रसूतिलाभाचा भार विमा निधीवर घातला, आणि १९५४ मध्यें ही योजना मुंबईंत सुरू झाली. विम्याच्या कक्षेबाहेरच्या स्त्रियांसाठीं १९६१ चा प्रसूतिलाभ अधिनियम आला. त्यानें लाभाची मुदत बारा आठवडे केली. पैकीं प्रसूतीनंतरचे सहा आठवडे, म्हणजे बेचाळीस दिवस, सक्तीच्या विश्रांतीचे. रूढीचा सव्वा महिना कायद्यांत मावावयास १९२९ पासून बत्तीस वर्षें लागलीं. गैरहजेरीच्या काळांत तिला कामावरून काढतां येणार नाहीं, हेंही या अधिनियमानें सांगितलें. नोकरीची अट प्रथम एकशें साठ दिवसांची होती, ती १९८८ मध्यें ऐंशी दिवसांवर आली.

दिवस मोजण्याचा वाद मात्र चालूच राहिला. बारा आठवड्यांत रविवार धरावयाचे कीं नाहीं, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ते धरले पाहिजेत असा निर्णय १९७७ मध्यें झाला. दिल्ली महानगरपालिकेकडे रोजंदारीवर राबणाऱ्या स्त्रियांनाही हा लाभ आहे, हें २००० मध्यें त्याच न्यायालयाला सांगावें लागलें. या स्त्रियांना सरकारी भाषेंत ‘हजेरीपटावरील’ कामगार म्हणतात. ज्या पटावर नांव असणें हा गिरणींत हक्काचा पुरावा होता, त्याच पटावर नांव असणें येथें हक्क नाकारण्याचें निमित्त झालें होतें. शब्दार्थाचें याहून विचित्र परिवर्तन क्वचितच आढळेल.

२०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांसाठीं मुदत सव्वीस आठवड्यांची झाली. त्यांतील आठ आठवडे, म्हणजे छपन्न दिवस, प्रसूतीपूर्वीं घेतां येतात. वरच्या उदाहरणांतील स्त्रीला एकावन दिवस हवे होते. ते आतां पुरे मिळाले असते. हा अधिनियम पुढें २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत सामावला गेला, आणि त्याचा गाभा तोच राहिला.

५

आज रत्नागिरीची स्त्री बोटीची वाट पाहत नाहीं. १९९८ पासून कोंकण रेल्वे पावसांतही धांवते. तिचें कामही बहुधा जिल्ह्यांतच असतें : काजूच्या कारखान्यांत, मासळीच्या निवडणींत, आंब्याच्या कॅनिंगमध्यें, शाळा-महाविद्यालयांत. कॅनिंगचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. तेवढ्यावर जिचें वर्ष निघतें, तिचे ऐंशी दिवस एका मालकाकडे भरणार कसे? घरीं काजू सोलणाऱ्या स्त्रीच्या नांवाचा पटच नसतो. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अध्यापिकेची नेमणूक सत्राबरोबर संपते, आणि सुटीचे महिने तिच्या नोकरीच्या हिशेबांत येत नाहींत. आपल्या विभागांतून पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या पुष्कळ विद्यार्थिनी याच वाटेनें अध्यापनांत शिरतात. म्हणून हा इतिहास आपणांस परका नाहीं. बाळंतपण केव्हां यावें याचा हिशेब त्यांनाही नेमणुकीच्या तारखांशींच जुळवावा लागतो.

तात्पर्य, गेल्या शंभर वर्षांत कायद्यानें बाळंतपणाचें दिनमान पुष्कळसें दुरुस्त केलें. हजेरीपट तेवढा दुरुस्त केला नाहीं. ज्यांचें नांव पटावर पक्कें आहे त्यांच्यासाठीं खाड्याचा हक्क झाला. ज्यांचें नांव कच्चें आहे त्यांच्यासाठीं ती अजून रजा आहे, म्हणजे कोणाची तरी संमति. आणि ज्यांचें नांवच नाहीं त्यांचा खाडाही कोणी मांडीत नाहीं. १९२८ च्या जुलैंत या खर्चाचा मोठा भाग राज्यानें उचलावा असें जें सांगितलें गेलें, त्याचा अर्थ इतकाच होता कीं बाळंतिणीचा हक्क तिच्या मालकाच्या वहीवर अवलंबून असूं नये. त्या वाक्याचा पूर्वार्ध अद्याप अंमलांत यावयाचा आहे.