डिग (आज्ञा)

डिग ही डोमेन नाम प्रणालीच्या, म्हणजेच डीएनएसच्या, सर्व्हरला थेट प्रश्न विचारणारी आणि आलेले उत्तर तपशिलासह पडद्यावर मांडणारी संगणक आज्ञा आहे. ती बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरसोबत मिळते. व्यवस्थापक तिचा उपयोग दोष शोधण्यासाठी करतात. संगणक सुरक्षेच्या 'कॅप्चर द फ्लॅग' स्पर्धांतील प्राथमिक कोडी सोडवण्यासाठीही ती वापरली जाते. अशा कोड्यात दडवलेल्या अक्षरमालेस 'फ्लॅग' म्हणतात.

पार्श्वभूमी

डोमेन नाम प्रणालीची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. तिचे आजही आधारभूत असलेले आरएफसी १०३४ व १०३५ हे दस्तऐवज १९८७ चे आहेत. या प्रणालीला दूरध्वनी पुस्तिकेची उपमा दिली जाते, परंतु ती अपुरी आहे. येथे एकाच नावाखाली अनेक प्रकारच्या नोंदी असू शकतात: 'ए' नोंदीत आयपी पत्ता, 'एमएक्स' नोंदीत टपाल सर्व्हरचे नाव, तर 'टीएक्सटी' नोंदीत मुक्त मजकूर. ब्राउझर टीएक्सटी नोंद मागत नाही, त्यामुळे ती सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीस पडत नाही. मात्र ती गुप्त नसते. विचारणाऱ्या कोणालाही सर्व्हर ती देतो.

कोड्यांतील वापर

कोड्यात बहुधा एका सर्व्हरचा पत्ता, पोर्ट क्रमांक आणि एक काल्पनिक डोमेन नाव दिलेले असते. हे नाव सार्वजनिक प्रणालीत नोंदलेले नसल्याने नेहमीचा सर्व्हर 'एनएक्सडोमेन', म्हणजे असे नावच नाही, असे कळवतो. नवशिके येथेच अडखळतात. वास्तविक प्रश्न चुकीच्या ठिकाणी गेलेला असतो. डिगमध्ये '@' चिन्हानंतर सर्व्हरचा पत्ता लिहिल्यास प्रश्न त्याच सर्व्हरकडे जातो. पोर्ट प्रचलित ५३ नसेल, तर तोही सांगावा लागतो. नोंदीचा प्रकार न सांगितल्यास डिग केवळ 'ए' नोंद विचारते.

उत्तरातील स्थिती बारकाईने वाचणे आवश्यक असते. 'नोएरर' अशी स्थिती असून उत्तरे शून्य असल्यास नाव अस्तित्वात असते, पण त्या प्रकारची नोंद नसते; अशा वेळी टीएक्सटी विचारून पाहावे. सर्व प्रकार एकदम मागणाऱ्या 'एनी' प्रश्नावर विसंबता येत नाही, कारण २०१९ च्या आरएफसी ८४८२ नुसार सर्व्हरला त्याचे त्रोटक उत्तर देण्याची मुभा आहे.

क्षेत्र हस्तांतरण

काही कोड्यांत नोंद ज्या उपनावाखाली आहे तेच ठाऊक नसते. तेथे 'एएक्सएफआर' हा प्रश्न कामी येतो. मुख्य सर्व्हरवरील संपूर्ण नोंदवही दुय्यम सर्व्हरला टीसीपीद्वारे पुरवण्यासाठी तो योजलेला आहे. सर्व्हरची मांडणी सैल असल्यास ही वही कोणालाही मिळते आणि चाचणी यंत्रे, अंतर्गत संगणक यांची नावे बाहेर पडतात. खेळात ते बक्षीस ठरते, प्रत्यक्षात मात्र हल्लेखोराच्या हाती आयता नकाशा पडतो. म्हणून हा प्रश्न केवळ स्पर्धेच्या अथवा परवानगी असलेल्या सर्व्हरलाच विचारावा.

बाइंडमध्ये 'अलाउ-ट्रान्सफर' या सूचनेने हस्तांतरण ठरावीक पत्त्यांपुरते मर्यादित करता येते. त्यानंतरची पडताळणी व्यवस्थापकाने बाहेरील जोडणीवरून करावी, कारण संस्थेच्या आतील संगणकांना वेगळी मुभा दिलेली असू शकते.